मेथी नाशिकची, मग मुलांच्या ताटात का नाही? पालेभाजीची गोडी लावण्याचे सोपे मार्ग

दुपार कलली की नाशिक बाजार समितीच्या आवारात पालेभाज्यांच्या गाड्या लागायला लागतात. मेथी, कोथिंबीर, शेपू, कांदापात. जुड्यांचा भाव शेकड्याने पुकारला जातो आणि बराचसा माल रातोरात मुंबईकडे रवाना होतो. भाव पडला की हीच मेथी शेतकरी रस्त्यावर ओततो किंवा उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवतो. ते फोटो आपण दर वर्षी बघतो आणि हळहळतो.

त्याच संध्याकाळी सिडकोत, इंदिरानगरात, जेलरोडला एखाद्या घरात ताट वाढलेलं असतं. चपाती, वरण-भात आणि कडेला पालकाची भाजी. पोरगं भाजीकडे बघतं, वाटी सरकवतं आणि म्हणतं, ''आई, मला नुसतं तूप-साखर-पोळी दे ना.'' आई ओरडते, आजी मध्ये पडते, बाबा मोबाइलमध्ये पाहत 'खा रे' म्हणतात. शेवटी पोळीला तूप-साखर लागते.

जिथून मुंबईला पालेभाजी जाते, त्या गावातल्या मुलांनीही ती खायला नको म्हणावं, हे गमतीचं वाटलं तरी प्रश्न गमतीचा नाही.

चिंता करण्यासारखं आहे का?

आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हाच आकडा ५३.८ टक्के होता. बोटातून रक्त घेऊन तपासण्याच्या पद्धतीवर तज्ज्ञांमध्ये वाद आहेत, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. पण तो निम्मा धरला तरी प्रत्येक तिसरं मूल त्यात येतं.

रक्तक्षयाला एकटी पालेभाजी जबाबदार नाही आणि एकट्या पालेभाजीने तो जातही नाही. जंत, वारंवार होणारे आजार, आईच्या अंगातली लोहाची कमतरता अशी बरीच कारणं असतात. तरी लोह, फोलेट, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व एकाच जुडीत देणारा इतका स्वस्त पदार्थ आपल्या बाजारात दुसरा नाही.

किती खायला हवी?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आखून दिलेल्या आहारात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी रोज साधारण ५० ग्रॅम आणि सात वर्षांपुढे १०० ग्रॅम पालेभाजी धरली आहे. वजन निवडलेल्या कच्च्या भाजीचं. आकडा वाचून दचकू नका. पातेलंभर पालक शिजल्यावर मूठभर होतो हे स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही माहीत आहे. लहान मुलासाठी रोज तीन-चार चमचे शिजलेली भाजी म्हणजे झालं. बऱ्याच घरांत वाटी भरून वाढली जाते, आणि तिथूनच भांडण सुरू होतं.

कोणती भाजी? आपल्याकडे पालेभाजी म्हटलं की पहिल्यांदा पालक आठवतो. टीव्हीवरचा तो पालकाचा डबा फोडून दंड फुगवणारा खलाशी याला बराच जबाबदार असावा. प्रत्यक्षात राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम पालकात लोह तीन मिलिग्रॅमच्या आत आहे. तांदुळजा-माठाच्या वर्गातल्या हिरव्या पानांत आणि शेवग्याच्या पाल्यात ते साडेचारच्या पुढे आहे, तर मेथीत साडेपाचच्या पुढे. कॅल्शियममध्ये फरक याहून मोठा: पालकात ८० च्या आसपास, माठ आणि शेवग्याच्या पाल्यात ३०० च्या वर. शिवाय पालकातल्या ऑक्झॅलेटमुळे त्यातलं बरंचसं कॅल्शियम अंगी लागत नाही. पालक वाईट आहे असं नाही. चवीला सौम्य असल्याने सुरुवातीला तोच बरा. फक्त तिथेच थांबू नका. शेवग्याचं झाड तर नाशिकच्या कित्येक सोसायट्यांच्या कुंपणाला असतं. शेंगा काढून नेतात, पाला तसाच गळतो.

मुलं नाक का मुरडतात?

लाडावल्यामुळे, असं आजी म्हणते. शास्त्र म्हणतं, थोडं वेगळं आहे. साधारण दोन ते सहा या वयात अनोळखी अन्नाची धास्ती मुलांमध्ये सर्वाधिक असते. नुकतं चालायला लागलेलं पोर दिसेल ती हिरवी पानं तोंडात घालू लागलं तर जगणार नाही, म्हणून निसर्गानेच ही सावधगिरी ठेवली असावी असं मानलं जातं. कडू चव विषाची खूण असू शकते, त्यामुळे तिच्यावरही आक्षेप. काही मुलांना जनुकीय कारणाने कडूपणा इतरांपेक्षा जास्त जाणवतो. तुम्हाला मेथी किंचित कडवट लागते, त्याला ती औषधासारखी लागू शकते. 'नाटक करतो' म्हणण्याआधी हे लक्षात असू द्या.

दुसरं कारण साधं आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. दाताखाली येणारी माती. एकदा करकर लागली की मूल पुढचे चार महिने त्या भाजीला हात लावत नाही, आणि त्याचं चूक नाही. जुडी सोडा, मुळं कापा, मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात भाजी बुडवून हलवा आणि मग भाजी वर उचलून घ्या. पाणी ओतून दिलंत तर तळाला बसलेली माती परत भाजीवरच येते. दोन-तीन पाण्यांतून असं काढा आणि चिरायची ती धुतल्यावर. लहान मुलासाठी जून देठ काढून पानं बारीक चिरा, कारण घशात अडकणारे धागे हाही नकाराचा मोठा भाग असतो.

बळजबरी केली तर?

उलटं होतं. अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया स्टेट विद्यापीठातल्या एका प्रयोगात (२००६) काही मुलांना सूप देऊन 'संपव, संपव' असा आग्रह केला आणि काहींना नुसतं दिलं. आग्रह नसलेल्या मुलांनी जास्त सूप प्यायलं आणि तक्रारीही कमी केल्या. आपल्याकडे आग्रह हा प्रेमाचा भाग मानतात, म्हणून हे पचायला जड जातं. लग्नाच्या पंगतीत तो शोभतो. रोजच्या ताटात मात्र तो मुलाला एवढंच शिकवतो की ही वस्तू इतकी वाईट आहे की ती खाण्यासाठी आपल्याला धरून बसवावं लागतं.

'भाजी खाल्लीस तर चॉकलेट' या सौद्याचंही तसंच. त्या दिवशी भाजी पोटात जाते, पण चॉकलेट म्हणजे बक्षीस आणि भाजी म्हणजे शिक्षा हा धडा पक्का होतो. बक्षीस द्यायचंच असेल तर खाऊऐवजी एखादा स्टिकर द्या, तोही वाटी संपवण्याबद्दल नको, एक घास चाखून बघण्याबद्दल द्या. ब्रिटनमधल्या शाळांत हा प्रयोग चांगला चालला आहे.

मग नेमकं काय करायचं?

एका वाक्यात सांगायचं तर, भाजी खाऊ घालण्याच्या मागे न लागता भाजीची ओळख करून द्यायची.

मुलांच्या खाण्याच्या सवयींवर आयुष्यभर काम केलेल्या लिआन बर्च यांनी १९८२ मध्ये दोन वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. जो पदार्थ मुलांनी जितक्या जास्त वेळा चाखला, तितका तो त्यांना जास्त आवडू लागला. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत हेच दिसलं: नवी चव रुळायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही लागतात. आपण तीनदा करतो आणि 'आमच्याकडे नाही खात' असं जाहीर करतो, तेही मुलासमोर.

तेव्हा चौथ्या वेळी थांबू नका. प्रमाण मात्र एवढंसं ठेवा. एक चमचा, तोही ताटाच्या कडेला, कुणी काही न बोलता. खाल्ला तर वाहवा नको, टाकला तर भाषण नको. दोन-तीन दिवसांनी परत. आठवड्यात दोनदा धरलं तर पंधरा वेळा व्हायला दोन महिने लागतात. सोपं आहे असं म्हणताना मी हे गृहीत धरते की घरातल्या मोठ्यांना गप्प बसता येतं. अनुभव असा, की सगळ्यात अवघड तेच असतं.

भाज्यांचा क्रमही महत्त्वाचा. पहिली मेथी किंवा शेपू देऊन तोंड पोळवू नका. तांदुळजा, पालक, राजगिरा, चाकवत या सौम्य भाज्यांनी सुरुवात करा. मग लाल माठ. त्याच्या रसाने भात गुलाबी होतो आणि लहान मुलांना त्याची भारी मजा वाटते. मग आंबट चुका किंवा अंबाडी, डाळ-शेंगदाणे आणि गुळाचा खडा घालून. कडूला नाक मुरडणारी मुलं आंबटाला सहसा हो म्हणतात. मेथी त्यानंतर, आधी भरपूर मुगाच्या डाळीत किंवा दाण्याच्या कुटात. शेपू सगळ्यात शेवटी. मला स्वतःला शेपू पंचविशीनंतर आवडायला लागला, तोही बाजरीच्या भाकरीबरोबर, त्यामुळे या बाबतीत मी मुलांच्या बाजूने आहे.

मऊ लिबलिबीत भाजीपेक्षा कुरकुरीत रूप मुलांना लवकर पटतं. कोथिंबीर वडी, अळूवडी, मेथीचे मुटके हे सगळं आपल्याकडे आहेच. शेजारच्या खानदेशातले फुनके करून बघा. भिजवलेली तुरीची डाळ जाडसर वाटायची, त्यात चिरलेली कांदापात, कोथिंबीर किंवा मेथी, लसूण-मिरची घालून मुटके वळायचे आणि उकडायचे. तळण नाही, डाळ आणि पाला एकत्र, हातात धरून खाता येतं. कढीबरोबर अर्धा डझन सहज जातात. नागलीच्या पिठात मूठभर पालेभाजी घालून लावलेलं थालीपीठही असंच. तळलेल्या पालक पुऱ्या मात्र सणासुदीला ठीक, रोजचा उपाय नव्हे.

लपवून घालावी का?

पालकाची प्युरी कणकेत, डोशाच्या पिठात, पनीरच्या रश्शात. मोबाइलवरच्या निम्म्या रेसिपी याच. पेन स्टेटमध्येच २०११ मध्ये मुलांच्या नेहमीच्या पदार्थांत भाजीची प्युरी मिसळून पाहिली. मुलांना कळलं नाही आणि भाजी कितीतरी जास्त पोटात गेली. म्हणजे युक्ती चालते. रक्तक्षय असलेल्या किंवा अगदीच हट्टी मुलासाठी तिचा उपयोग जरूर करा.

पण जी भाजी दिसलीच नाही तिची ओळख कशी होणार? हिरवी पोळी आवडणाऱ्या मुलाला पालकाची भाजी आवडेलच असं नाही. शिवाय एक दिवस 'यात काय घातलंयस?' असा प्रश्न येतो आणि मग साधा डोसाही संशयित ठरतो. म्हणून हिरव्या डोशाला हिरवा डोसाच म्हणा, लपवाछपवी करू नका, आणि शेजारी चमचाभर खरी भाजी राहू द्या.

डब्यात पालेभाजी द्यावी का?

जपून. डब्यातली पालेभाजी दुपारपर्यंत काळवंडते, वास धरते आणि शेजारचा मित्र 'ई' म्हणाला की संपलं. नव्या भाजीची पहिली भेट घरी व्हावी. घरी रुळलेली मेथी मग पराठ्यातून डब्यात जाऊ द्या.

सोबतचं मूल उलट्या बाजूनेही कामाला येतं. बर्च यांच्याच १९८० च्या एका अभ्यासात, नावडती भाजी आवडीने खाणाऱ्या मुलांबरोबर बसवल्यावर न खाणारी मुलंही ती घेऊ लागली. त्यामुळे एखाद्या रविवारी भाजी खाणाऱ्या मावसभावाला जेवायला बोलावणं हा व्याख्यानापेक्षा चांगला उपाय. शाळेतल्या पोषण आहाराचं बळही इथेच आहे. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी ७५ ग्रॅम भाजी धरलेली आहे. ज्या शाळांच्या आवारात परसबाग आहे, तिथली मुलं आपण लावलेली मेथी पंगतीत बसून खातात. घरी गॅलरीतल्या कुंडीतही मेथीदाणे टाकले तर चार-पाच दिवसांत कोंब दिसतात आणि तीन-चार आठवड्यांत खुडता येते. स्वतः खुडलेली चार पानं मूल तिथेच तोंडात टाकतं. घोळाण्यासारखी, कच्ची.

चहा-चपातीचं काय?

हा मुद्दा बाजूचा वाटेल, पण नाशिकच्या घरांत सगळ्यात जास्त लागू होणारा हाच असावा. सकाळी शाळेत जाताना चहा-चपाती, चहा-टोस्ट, चहा-बिस्किट. पालेभाजीतलं लोह शरीरात मुळातच कमी शोषलं जातं, आणि चहातल्या टॅनिनमुळे ते आणखी घटतं. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. सकाळी मेथी-पराठा आणि त्याबरोबर चहा दिलात तर एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

याच्या उलट लिंबू. भाजीवर पिळलेल्या अर्ध्या लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. जेवणानंतर पेरू किंवा आवळ्याची फोड दिली तरी तेच काम होतं. आणि फोडणीत तेल घालायला कचरू नका, कारण पानांमधलं अ जीवनसत्त्व शरीराला मिळायला थोडी स्निग्धता लागतेच.

अगदी लहान बाळांना कधीपासून?

सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की मऊ भातात किंवा खिचडीत नीट शिजवून घोटलेली दोन-चार पानं चालतात. दीड-दोन वर्षांनंतर धास्तीचं वय सुरू होतं, त्याआधी जितक्या चवी तोंडाला लागतील तितकं बरं. सुरुवात त्याहीआधी होते. अमेरिकेत २००१ मध्ये झालेल्या एका अभ्यासात ज्या आयांनी गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना गाजराचा रस घेतला होता, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराची पेज जास्त खुशीने खाल्ली. आईच्या ताटातली चव दुधातून बाळापर्यंत पोहोचते. बाळंतिणीला शेपू आणि मेथी खायला घालणाऱ्या आपल्या आज्यांनी हा विचार केला होता की नाही ते सांगता येत नाही, पण काम तेच झालं.

पावसाळ्यात काय?

जोराचा पाऊस झाला की शेतातली भाजी सडते, जुडीचा भाव चढतो आणि घराघरांत पालेभाजी बंद होते. त्याच दिवसांत पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरात रानभाज्या उगवतात आणि तिथल्या बायका त्या शहराच्या रस्त्यांवर विकायला आणतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी. मुलांसाठी टाकळा किंवा कुर्डू डाळीत घालून सुरुवात करावी. ओळख नसलेली रानभाजी स्वतः तोडून आणू नका, आणि विकत घेतलीत तर विकणाऱ्या मावशींनाच विचारा, कशी करायची. शेवळासारखी भाजी काकडाच्या फळाशिवाय केली तर घसा खाजतो. हे त्यांना माहीत असतं, मोबाइलवरच्या रेसिपीला असेलच असं नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

मूल फिकट दिसतंय, लवकर दमतंय, माती-खडू-पेन्सिल खातंय, तर भाजीच्या युक्त्यांवर वेळ घालवू नका. हिमोग्लोबिन तपासा. 'अॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोह-फॉलिक अॅसिडचं सिरप, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी आणि दहा ते एकोणीसच्या मुलामुलींना निळी गोळी मोफत मिळते. अंगणवाडीत, शाळेत किंवा आरोग्य केंद्रात विचारा. शाळेत जंताची गोळी देतात त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. रक्तक्षय झालेला असेल तर ही औषधं लागतातच, पालेभाजी त्यांच्या जोडीला.

बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो. या आठवड्यात मुलाला घेऊन जा, दहा-वीस रुपये त्याच्या हातात द्या आणि कोणतीही एक जुडी निवडू द्या. पिवळी पानं कोणती, कोवळी जुडी कशी ओळखायची, हे विकणाऱ्या मावशी सांगतील. घरी आल्यावर वर्तमानपत्र पसरून दोघं निवडायला बसा. मेथी असेल तर वीसेक मिनिटं लागतील. रात्री त्याच्या ताटात चमचाभरच वाढा.